पाचव्या घरचा जोगवा

त्या वर्षी मला असं ठाम वाटायला लागलं होतं की आमची अंबाबाई माझं ऐकत नाही. रोज दिवा लावायचा, रोज तेच गाऱ्हाणं घालायचं, आणि भिंतीपलीकडे रोज तेच चालू. सांगून सांगून माणसाचा जीव थकतो. देवीचा थकत असेल का, कोण जाणे. एकदा तर मी वात तेलात सोडताना तिला स्पष्ट बोलून दाखवलं, की बाई, मला जमत नाही, तुला जमत असेल तर बघ, नाहीतर त्या लेकरांचं रडणं माझ्या कानावर पडू देऊ नकोस.

भिंतीपलीकडे म्हणजे सुमनच्या घरात. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्यांच्या मध्ये अर्ध्या विटेची भिंत, वर पत्रा. एका घरात शिंक आली तर दुसऱ्या घरातला माणूस नाक पुसायचा. आम्ही सातारकडचे. आमचे हे एका छोट्या कारखान्यात फिटर होते, पगार बेताचा, पण दर महिन्याला यायचा. सुमनची माणसं मालवणकडची. तिचा नवरा, गावडे भावोजी, गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. आणि ते गिरण्यांच्या मोठ्या संपाचं वर्ष होतं. सुरुवातीला सगळे म्हणायचे, आठ-पंधरा दिवसांत मिटेल. मग म्हणायला लागले, गणपतीपर्यंत मिटेल. गणपती आले आणि गेले. गावडे भावोजी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गिरणीच्या फाटकाकडे जायचे आणि संध्याकाळी चढण चढून परत यायचे. दारातूनच सांगायचे, "मी भायर खाल्लंय, माका वाढू नको." त्यांच्या चालीवरून दिसायचं की काही खाल्लेलं नाही.

सुमन तेव्हा पंचविशीची असेल, माझ्यापेक्षा बरीच लहान. मला आक्का म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मोठी मंदा सहा-सात वर्षांची आणि धाकटं अंगावर पिणारं. माझ्या जिवाला घोर होता तो त्या धाकट्याचा. आईच्या पोटात काही नसेल तर पोराला दूध येणार कुठून? ते आधी जोरात रडायचं, मग हळूहळू बारीक आवाजात रडायला लागलं, आणि तो बारीक आवाज मला जास्त भिववायचा. तिन्हीसांजेला चाळीत सगळीकडे स्टोव्हला पंप मारल्याचे आवाज यायचे. सुमनही मारायची. स्टोव्ह पेटायचा, थोडा वेळ फुरफुरायचा आणि बंद व्हायचा. मागून वास काही यायचा नाही. ना कांद्याचा, ना कुळथाच्या पिठीचा, ना सुक्या बोंबलाचा. ज्या मालवणी घराच्या वासानं एके काळी आमचे हे जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचे, त्या घरातून नुसता रॉकेलचा वास.

मग मी काय केलं असेल? वाटी भरून पाठवली. बाईमाणूस दुसरं काय करणार? एकदा पिठलं, एकदा शिरा, एकदा उसळ. आधी तिनं "आमचा जेवण झाला आक्का" म्हणून परत पाठवली. मग मी निमित्तं शोधायला लागले. आज माझ्या भावाचा वाढदिवस, आज चतुर्थी सोडली, आज चुकून जास्त झालं. निमित्त असलं की ती घ्यायची. पण वाटी दुसऱ्या दिवशी यायची ती भरूनच. आपल्यात शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत ना. कधी वाटीत खोबऱ्याचा तुकडा, कधी मूठभर आमसुलं, कधी नुसती साखर. मला आधी बरं वाटायचं, म्हटलं संस्कार चांगले आहेत पोरीवर. एके दिवशी वाटीत चमचाभरच साखर आली आणि वर कढीपत्त्याची डहाळी ठेवून ती झाकलेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पाठवलेल्या प्रत्येक वाटीपायी ती घरातलं काहीतरी खरवडून काढत होती. मंदाच्या चहातली साखर माझ्या घरी येत होती. म्हणजे मी वाटी पाठवली तरी पंचाईत, नाही पाठवली तरी पंचाईत. त्या दिवशी मी वाटी पाठवणं बंद केलं आणि देवीशी भांडण काढलं, ते वर सांगितलंच.

त्यातच आमच्या ह्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. कारखान्यानं रजा दिली, आणि हे भिंतीला पाठ लावून खाटेवर. कावीळ म्हटली की लोक घाबरतात, म्हणून चाळीत आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं तेल, तूप, तिखट, फोडणी सगळं बंद केलं. ह्यांच्या समोर बसून मी एकटीनं चमचमीत कसं खाणार? म्हणून मीही तेच खायचे, मऊ भात आणि उसाचा रस, किंवा नुसती मुगाची डाळ शिजवून. आमच्या घरातही फोडणीचा चर्र आवाज यायचा बंद झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

ह्यांचं पथ्य करता करता एक मंगळवार आला आणि मला सासूबाईंची परडी आठवली. आमच्याकडे देवीची परडी असते. बांबूची, कडेनं कवड्या शिवलेल्या. मंगळवारी, शुक्रवारी ती हातात घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. अनवाणी जायचं, दारात उभं राहून "अंबाबाईचा जोगवा वाढा माय" म्हणायचं, आणि ज्या घरून जे मिळेल, मूठभर पीठ, मूठभर तांदूळ, ते आणून शिजवून प्रसाद म्हणून खायचं. घरात कणगी भरलेली असली तरी मागायचं. सासूबाई गावच्या पाटलीण, पण जोगव्याला गेल्या की पदर पसरून उभ्या राहायच्या. मुंबईला आल्यापासून मी ते फक्त नवरात्रात, तेही आमच्याकडच्या ओळखीच्या बायकांत करायचे. त्या मंगळवारी मनात आलं, आपण जोगवा मागू आणि त्याचा भात करून प्रसाद म्हणून सुमनकडे नेऊ. प्रसादाला नाही म्हणायची तिची काय टाप? आणि प्रसादाच्या वाटीत उलट काही घालायचं नसतं. माझं मलाच इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू, देवीपुढे उभी राहून हसलेच मी.

ह्यांनी खाटेवरून विचारलं, "आता कुठं निघालीस?"

"मागायला," मी म्हटलं.

"बरं दिसतंय. नवरा पिवळा झालाय आणि बायको निघाली परडी घेऊन. लोक काय समजतील?"

"लोक समजतील ते समजतील. तुम्ही रस प्या."

आता बघा, हे बोलले ते चेष्टेनं. पण कधी कधी माणसाच्या तोंडून पुढचं निघून जातं आणि त्याला स्वतःलाही कळत नाही.

मी मुद्दाम सुमनचं दार सोडून वरच्या आळीला गेले. ज्या घरात डबे रिकामे, तिथं जाऊन पदर कसा पसरायचा? चार घरी छान झालं. कुणी ज्वारीचं पीठ घातलं, कुणी तुरीची डाळ, एका म्हातारीनं तर परडीला हात लावून डोळ्यांना लावला. पाचवं घर लीलाचं. ही लीला म्हणजे नळावरचा आमचा रेडिओ. दारात तांदूळ निवडत बसली होती, मांडीवर सूप. मला बघून म्हणाली, "काय गं, गिरण्यांचं बघून देवी पण संपावर गेली काय? डायरेक्ट मागायला पाठवलं तुला?"

मी म्हटलं, "जोगवा आहे गं लीला, वाढ मूठभर."

"हात गुंतलेत माझे. पुढं जा."

चेष्टाच केली असेल तिनं. तिची जीभ तशीच. पण "पुढं जा" हे शब्द आपण कुणाला म्हणतो, हे मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला कुणी म्हटलं. सासूबाई असत्या तर हसून पुढच्या दारी गेल्या असत्या, जोगव्यात मान-अपमान नसतो म्हणाल्या असत्या. मी मात्र तशीच वळले, घरी आले आणि परडी देवीपुढं ठेवून खाली बसले. चार घरचंच धान्य. पाचवं घर राहिलेलं. पहिल्याच दिवशी नेम अपुरा. म्हटलं, आई, तू माझं ऐकत नाहीस ते नाहीस, आता पुरती शोभाही केलीस. आणि अशा अर्धवट जोगव्याचा प्रसाद त्या पोरीच्या दारात कोणत्या तोंडानं न्यायचा, तेही कळेना.

मी किती वेळ तशी बसले होते देव जाणे. दारात सावली पडली. बघते तर सुमन. कडेवर पोर, आणि पदराखाली काहीतरी लपवलेलं. चेहरा लालबुंद. मला वाटलं, पोराला काही झालं. ती आत आली, दार लोटून घेतलं, आणि माझ्यावर अशी तुटून पडली, की आजवर मला अहो-जाहो करणारी हीच का ती, असा प्रश्न पडावा.

"आक्का, तू लोकांच्या दारात कित्याक गेलंस गो?"

मी तोंड उघडायच्या आत पुढं चालूच. "वरच्या आळीत सगळ्यांच्या दारात उभी रवलंस, माझ्या दारात कित्याक नाय इलंस? माका सांगूक लाज वाटली तुका? भावजी इतके दिस घरात दिसतत, तेवाच माका कळला, ह्यांचा पण काम गेला. तुझ्या घरात फोडणीचो आवाज नाय कधीपासून. माका काय कान नाय?"

आणि पदराखालून तिनं पितळी डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यात उकडे तांदूळ होते, लालसर, तिच्या गावचे. डब्याचा तळ दिसत होता. "इतकेच आसत. अर्धे तुका, अर्धे माका. पण भायर मागूचा नाय. मी हंय मेलंय नाय अजून."

काय सांगू तुम्हाला! भिंतीला कान लावून मी तिची भूक ऐकत होते आणि त्याच भिंतीला कान लावून ती माझी भूक ऐकत होती. माझी तर भूक नव्हतीच, काविळीचं पथ्य होतं. पण तिला ते कुठं माहीत? तिच्याकडे जोगव्याची चाल नाही. तिनं पाहिलं ते एवढंच, की शेजारची आक्का अनवाणी पायांनी दारोदार पदर पसरतेय आणि लाजेपायी आपलं दार टाळतेय. ज्या पोरीनं माझा वाटीभर शिरा परत पाठवला होता, ती शेवटचे तांदूळ घेऊन आली होती. वर भांडत होती.

खाटेवरून हे उठून बसले. "अहो वहिनी, माझं काम कुठं गेलंय, मला तर..." मी ह्यांच्याकडे बघितलं. एक क्षण असं वाटलं की सांगूच नये. तिचा समज तसाच राहू दे, दोघी गरीब म्हणून एकत्र जेवू, तिचा मान राहील. पण देवीपुढं बसून खोटं कसं बोलायचं? आणि ती इतकी खरी होऊन आली होती. मी तिला हाताला धरून खाली बसवलं, परडी दाखवली, कवड्या दाखवल्या आणि सगळं सांगितलं. जोगवा म्हणजे काय, माझ्या सासूबाई कशा मागायच्या, ह्यांची कावीळ, लीलाचं पुढं जा, राहिलेलं पाचवं घर. प्रसादाचा माझा डावही सांगून टाकला.

तिची नजर डब्यावर. मला भीती वाटली, की आता ही उठेल, डबा उचलेल आणि परत कधी या दारात येणार नाही. आपण कुणाच्या दारी चुकीनं काही उघडं करून आलो, हे मानी माणसाला सोसत नाही. पोर तेवढं मांडीवर बारीक आवाजात कुरकुरत होतं.

मग ती म्हणाली, "म्हणजे ह्या मागणा देवीचा?"

"हो."

"आणि माझा पाचवा घर?"

"तूच पाचवं."

तिनं डब्यात हात घातला, ओंजळभर तांदूळ काढले आणि परडीत सोडले. परडीला हात लावून नमस्कार केला. आणि मग हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवत, मग मोठ्यानं. "माझो तांदूळ देवीक पोचलो. आणि मी तुका शिव्या घातलंय." मला पण हसू आवरेना. हे खाटेवर पिवळे पिवळे हसत होते. पोर रडायचं थांबून आमच्या तोंडाकडे बघत बसलं.

हसणं ओसरल्यावर मी डोळे पुसत म्हटलं, "आता हा प्रसाद आहे. देवी उलट तुझ्याकडे येणार. नाही म्हणायचं नाही."

"देवीक नाय कोण म्हणतला?" ती म्हणाली. "पण रांधतलंय मी. तुझा ता घाटी कालवण माझ्या घशाखाली उतराचा नाय."

तिनं माझ्याच स्टोव्हला पंप मारला. त्या दिवशी आमच्या घरात पाच घरचं धान्य एकत्र शिजलं. तुरीच्या डाळीत माझ्याकडचं ओलं खोबरं वाटून घातलं, ज्वारीच्या भाकऱ्या मी थापल्या, आणि ह्यांचा भात वेगळा, मऊ. मंदा शाळेतून आली ती वास घेत घेत आपल्या दाराऐवजी आमच्या दारात शिरली. सुमन माझ्यासमोर बसून जेवली. मी तिच्या ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर जातच होती. संध्याकाळी गावडे भावोजी चढण चढून आले, तर त्यांच्या घराला कडी. आमच्या दारात येऊन सवयीनं म्हणाले, "मी भायर खाल्लंय."

सुमन आतूनच म्हणाली, "देवीचो प्रसाद आसा. खोटा बोलू नका तिच्यासमोर."

ते बसले. पहिला घास घेतला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग एवढंच म्हणाले, "मीठ बरोबर पडलाहा."

त्या मंगळवारनंतर दोन घरांचा एकच स्टोव्ह झाला. रॉकेल वाचतं, हे कारण सुमननंच काढलं. ती रांधायची, मी ह्यांची दुखणी काढायचे आणि बाजारहाट करायचे, तिचं पोर माझ्या पायांवर झोपायचं. कोण कुणाला खाऊ घालतंय, हा हिशेब आमचा आम्हालाच लागेना, आणि न लागलेलाच बरा. पुढच्या मंगळवारी मी परडी घेतली तर सुमन चपला काढून तयार. म्हणाली, मी पण येतलंय. जी पोर भुकेनं मेली असती पण कुणापुढं हात पसरला नसता, ती अंबाबाईच्या नावानं माझ्याबरोबर दारोदार पदर पसरून उभी राहिली, मालवणी हेल काढून "जोगवा वाढा" म्हणाली. लीलाच्या दारात गेलो. तिला कुणीतरी सगळं सांगितलं असावं. सुपातले तांदूळ तिनं सगळेच्या सगळे परडीत ओतले आणि म्हणाली, "आता पुढं जा म्हणते ते खरोखरचं म्हणते गं. मागच्या खोलीतल्या शिंद्यांकडे पण संपच आहे, त्यांना पण बोलवा जेवायला." काही महिने आमच्या आळीत मंगळवारचं जेवण असं मोठं होत गेलं, आणि बाकीच्या दिवशीही कुणाच्या पातेल्यातलं कुणाच्या ताटात जायला काही निमित्त लागेनासं झालं.

ह्यांची कावीळ उतरली. ते धाकटं पोर इतकं बाळसेदार झालं की मांडी दुखायची. संप म्हणाल तर तो कुणी मिटवला असं मी कधी ऐकलं नाही, तो तसाच विरून गेला. गावडे भावोजींना शेवटी चारकोपच्या एका कारखान्यात काम मिळालं, आणि पुढं काही वर्षांनी तिकडेच सरकारी वसाहतीच्या सेक्टरमध्ये खोली. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, जोगव्यानंतर थोड्याच दिवसांनी झालेलं. एकदा मधल्या वेळेला मीच गोडाचा सांजा केला होता. सवयीनं वाटी भरून पलीकडे दिली. निमित्त सांगायला विसरले, वाढदिवस नाही, चतुर्थी नाही. दुसऱ्या दिवशी सुमन दारात आली, वाटी उपडी करून दाखवली आणि माझ्या हातात दिली.

"घे तुझी वाटी. रिकामीच आसा."

आणि हसत निघून गेली.

लोक मला विचारतात, तुला देवीनं कधी दर्शन दिलं का, काही साक्षात्कार झाला का. मी काय सांगणार? मी देण्याच्या मागे लागले होते, तोवर देवी गप्प होती. पदर पसरला, तोही नीट जमला नाही, पाचव्या दारावरून रडवेली होऊन परत आले, तेव्हा ती पितळी डबा घेऊन स्वतः चालत आली, माझ्याशी भांडली, आणि अर्धे तुका, अर्धे माका म्हणाली. मागायला वाकावं लागतं, घ्यायलाही वाकावं लागतं. हे मला सासूबाईंनी परडी देताना सांगितलं असेल, पण कळलं ते त्या वर्षी. आई, तुझे उपकार कसे फेडू? फेडायचे नाहीतच, हेच तर शिकवलंस. ती वाटी मी अजून वापरते. त्या दिवशी मात्र ती तशीच, रिकामी, देव्हाऱ्यात तुझ्यापुढं नेऊन ठेवली होती. आजवर तुला दाखवलेला तो माझा सर्वांत मोठा नैवेद्य.